तोंड धुतल्यानंतरचा तास

झाकणाच्या आट्यांमध्ये अजून थोडं क्रीम उरलं होतं — पांढरं, कडेला वाळून जरा पिवळं पडलेलं — आणि नखाने ते निघत नव्हतं. तिने केसांतली पिन काढली, आट्यांच्या चरीतून गोल फिरवली, तेव्हा पिनेच्या टोकावर मोहरीएवढा गोळा आला. एका गालाला पुरेल. पुरवलाच तर दोन्ही गालांना... बोट सवयीने पुढे झालंसुद्धा होतं. मग तिने पिन डब्याच्या काठावर पुसली आणि झाकण लावून टाकलं. आज काही लावायचं नव्हतं. तोंड धुवायचं आणि तासभर त्याला हातही न लावता तसंच ठेवून द्यायचं, असं ठरलं होतं. ठरवलं चष्मेवालीने, पाळायचं हिने.

चष्मेवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली बाई. ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवायची आणि कायम त्याच्या वरून बघायची, त्यामुळे तो नेमका कशासाठी आहे हे गिऱ्हाइकांना कळत नसे.

"हा डबा विसरा आता," काल ती म्हणाली होती. "कंपनीनेच बंद केलाय. चार महिने झाले."

"मग त्याच्यासारखं दुसरं काहीतरी द्या."

"त्वचा कुठल्या प्रकारची आहे तुमची? कोरडी, तेलकट, मिश्र?"

"माझ्या बहिणीसारखी."

चष्मेवालीने पहिल्यांदाच चष्म्यातून बघितलं. "आणि बहिणीची?"

"कोरडी. अगदी कोरडी. थंडीत तिच्या ओठांचे कोपरे फाटतात."

"तुमचे फाटतात का?"

मागे उभा असलेला माणूस खोकत होता. तो खोकल्याचं औषध न्यायला आला होता की आपला नंबर लागावा म्हणून खोकत होता, कोण जाणे. "तिचे फाटतात," ती पुन्हा म्हणाली, आणि म्हणताना तिला वाटलं, आपल्याला विचारलं होतं एक आणि आपण सांगतोय भलतंच.

"अहो, घरी बघा की. साध्या साबणाने तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं, आणि तासभर काही म्हणजे काही लावायचं नाही. हातही नाही. मग पातळ कागदाच्या पट्ट्या घ्यायच्या, कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळीकडे दाबायच्या. तेल उमटलं तर तेलकट. नाही उमटलं आणि कातडी ओढल्यासारखी झाली तर कोरडी. पातळ कागद आहे ना घरी?"

पातळ कागद आहे ना घरी! ती रस्ताभर हसत आली होती.

छापखान्यात तिला सगळे कागदवालीच म्हणत. बाहेरून आलेला कागदाचा प्रत्येक गठ्ठा आधी तिच्या टेबलावर यायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कोपरा धरून चोळायचा, उजेडात धरायचा, पाण्याचा एक थेंब सोडून तो किती वेळात पसरतो ते मनातल्या मनात मोजायचं. सव्वीस वर्षं हेच. यंत्रावरचा मिस्त्री म्हणायचा, "बाई, तुम्ही नवरदेवालाही उजेडात धरून बघितलं असतंत." आणि ती म्हणायची, "म्हणून तर कुणी दाखवायला आणला नाही." दर दोन-तीन महिन्यांनी हा विनोद व्हायचा, दोघंही नव्याने हसायचे. तर पातळ कागद होता. रंगीत चित्रं छापून झाली की चित्राची शाई समोरच्या पानावर उमटू नये म्हणून मध्ये घालतात तो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. कालच तिने त्याच्या पाच पट्ट्या कापल्या होत्या आणि पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक लिहिलं होतं — कपाळ, नाक, उ. गाल, डा. गाल, हनुवटी.

नऊ वाजता तिने तोंड धुतलं.

सुट्टीचा दिवस. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसत होती, पाइप, दोऱ्या, एका गॅलरीत उलटी ठेवलेली बादली. ती टेबलाशी बसली, हात मांडीवर, एखाद्या कचेरीत नाव पुकारायची वाट बघत बसावं तशी. पहिल्या दहा मिनिटांत हात तीनदा वर गेला. एकदा नाकाच्या बाजूला, एकदा भुवईवर, तिसऱ्यांदा नुसताच, काही कारण नसताना... तिने तो वाटेतच पकडला. आपण दिवसभरात आपल्या तोंडाला इतका हात लावतो? जणू ते तिथे आहे की नाही याची खात्री करत असतो.

अकरा वाजता ताईचा फोन यायचा होता. खरं तर तासाचा हिशोब त्या अकराच्या आधी बसवलेला होता, हे तिला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखंही चाललं होतं.

भावोजींना जाऊन वर्ष झालं. ताईचा मुलगा दूर नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. परवा संध्याकाळी ताई फोनवर म्हणाली होती, "चार खोल्यांत मी एकटी काय करू, झाडू मारत फिरू? तुझ्याकडे येते. आपल्या दोघींना काय गं वेगळं लागतं? तुझं-माझं सगळं सारखंच. एक कपाट तेवढं आणते. खिडकीकडची भिंत मोजून ठेव. रविवारी अकराला फोन करते, मग टेम्पोवाल्याला सांगून टाकते." हे विचारणं नव्हतं, कळवणं होतं. पण ताईचं विचारणं नेहमी असंच; ती दुकानात भाजीसुद्धा कळवल्यासारखीच मागते. आणि बोलणं संपल्यावर ताई हसली, आणि हसून झाल्याबरोबर तिच्या घरात इतकं एकदम शांत झालं की ते फोनमधून ऐकू आलं. त्या शांततेला काय म्हणायचं? ती "बघते" म्हणाली. ताईने "हो" ऐकलं.

खिडकीकडच्या भिंतीला हे टेबल होतं. टेबलाला एक खण होता. खणात सव्वीस वर्षांचे कागद, हाताखालून गेलेल्या प्रत्येक जातीचा एक तुकडा, मागे पेन्सिलीने तारीख. कशासाठी? कशासाठी नाही. सुट्टीच्या सकाळी ती खण उघडायची, एक-एक तुकडा अंगठ्याखाली घ्यायची आणि परत ठेवायची. बस, एवढंच. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं. दीड खोलीत एवढी एकच गोष्ट अशी होती. ताई काही मनाई करणार नव्हती. तसं असतं तर सोपं होतं, भांडता आलं असतं. ताई म्हणणार, "काय गं हा कचरा!" मग खुर्ची ओढून शेजारी बसणार, आणि स्वतःही एक-एक उचलून बघणार, प्रेमाने, क्रीम लावलेल्या बोटांनी.

आई एकाच डब्यातून दोघींना लावायची. आधी ताईला, मग तिला. तेव्हापासून हाच डबा. बाहेरचं चित्र तीनदा बदललं, आतला वास तोच. ताईच्या लग्नानंतर घरात डबा आला तो हाच, आई गेल्यानंतर आला तोही. दोघींचीही कातडी कोरडी, आईच्या माहेरची, असं घरात म्हणत. माहेरचं कुणी बघितलेलं नव्हतं, त्यामुळे काय वाटेल ते तिकडून आलेलं चालायचं.

दहा वाजले. तिने पट्ट्या घेतल्या, एक-एक करून दाबल्या, दहापर्यंत मोजलं आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरल्या.

स्वच्छ. पाचही. कपाळाच्या पट्टीवर एका कडेला ओलसर सावलीसारखं काहीतरी होतं, पण ते पाणीही असेल.

म्हणजे कोरडी. म्हणजे ताईसारखीच. तिला बरं वाटलं, की हायसं वाटलं, की नुसतंच काहीतरी संपल्यासारखं वाटलं... तिने त्यात फार डोकं घातलं नाही. शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि टेबल पुढे ओढून भिंत मोजली. चार फूट दोन इंच. टेबल कुठे जाईल? बाहेरच्या अर्ध्या खोलीत, शेगडीच्या बाजूला. तिथे कागद वाफेने फुगतील. बरं, फुगू देत. पट्ट्या टाकून द्यायला जीव होईना म्हणून तिने खण उघडला, त्या आत ठेवायला उचलल्या, आणि अंगठा थांबला.

आधी अंगठाच थांबला. तिला नंतर कळलं.

या कागदाला दोन बाजू असतात. एक घोटलेली, चकचकीत, जिला काही म्हणजे काही लागत नाही. दुसरी कोरी, जरा खरखरीत, जी लगेच पिते. चित्रावर घालताना घोटलेली बाजू नेहमी चित्राकडे ठेवायची, म्हणजे ती रंग उचलत नाही, चित्र आहे तसं राहतं. छापखान्यात नवी आलेली प्रत्येक मुलगी पहिल्याच दिवशी हिच्या तोंडून हे ऐकते, "आधी बाजू ओळख, मग हात लाव." आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने हिच्या हाताने काय केलं होतं, तर पाचही पट्ट्या घोटलेल्या बाजूने तोंडावर ठेवल्या होत्या. आपलं तोंड म्हणजे एक छापून झालेलं चित्र. त्याला धक्का लागायला नको!

ती खुर्चीवर बसून एकटीच हसली. मिस्त्रीला कळलं तर निवृत्त होईपर्यंत सोडणार नाही. पण हसून झाल्यावर तिच्याही खोलीत शांत झालं. टेबल पुढे ओढलेलंच होतं, मागच्या भिंतीवर इतक्या वर्षांची चौकोनी खूण दिसत होती, आसपासच्या रंगापेक्षा फिकी. हात चुकला, ठीक आहे. पण चुकलेल्या हाताचं म्हणणं मी इतक्या लगेच कसं मान्य केलं? दुसऱ्या कुणी असा कागद आणून "बाई, पास करा" म्हटलं असतं तर मी टेबलावरून उठलेसुद्धा नसते, पुन्हा पाणी सोडलं असतं, पुन्हा मोजलं असतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी तिने पुन्हा तोंड धुतलं. नव्या पाच पट्ट्या कापल्या आणि कोरी बाजू वर करून टेबलावर ओळीने मांडल्या. नावं लिहिण्यात वेळ घालवला नाही. क्रम लक्षात होता.

हा दुसरा तास पहिल्यासारखा नव्हता. पहिल्यात ती वाट बघत होती. आता कातडीकडे लक्ष देत होती, म्हणजे आतून, जसं खालच्या मजल्यावर कुणी चालतंय का म्हणून कान देतो तसं. धुतल्या धुतल्या जरा ताणल्यासारखं झालं. ते सगळ्यांनाच होत असणार. मग हळूहळू ते सैल पडलं. गाल शांत. कपाळावर काही नाही... आणि मग काहीतरी, उबदार, अगदी सावकाश. ओढत नव्हतं. ती थांबली. पुन्हा लक्ष दिलं. नव्हतंच ओढत. मग ओढतं हे मला कुणी सांगितलं?

मी सांगितलं.

मी सहा वर्षांची होते आणि थंडीचे दिवस होते. ताई आठ वर्षांची. तिचे गाल असे फुटायचे की हसली तरी रक्त दिसायचं, आणि ती हसायची फार. त्या दिवशी ती रडत होती, आणि अश्रू फुटलेल्या गालांवरून गेले की झोंबायचं, म्हणून आणखी रडत होती. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. एरवी आईच्या हातांना वेळ नसायचा, पण डबा उघडला की ते हात सावकाश व्हायचे. ती बोटाने थोडं थोडं लावत होती, मध्येच फुंकर घालत होती, आणि मी बाजूला उभी होते. माझ्या तोंडाला काही झालेलं नव्हतं. माझं तोंड धडधाकट होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी बराच वेळ उभी राहिले. मग म्हटलं,

"माझं पण ओढतंय."

आईने माझ्याकडे बघितलं. अंगठा माझ्या गालावरून एकदा वरून खाली फिरवला, सावकाश... हे इतकी वर्षं कुठे होतं? हा अंगठा मला ओळखीचा आहे. मी रोज तोच कागदावर फिरवते. एकदाच, वरून खाली. दुसऱ्यांदा फिरवावा लागत नाही. म्हणजे तिला कळलं होतं. त्या क्षणी कळलं होतं.

"हो का?" आई म्हणाली. "ये मग."

आणि तिने मला लावलं. दोन्ही हातांत तोंड धरून, फुंकर घालून, जिथे काही फुटलेलं नव्हतं तिथे. आणि ताई रडता रडता थांबली, नाक पुसलं, आणि इतकी खूश झाली, "म्हणजे आपण दोघी सारख्या!"

फोन वाजला.

अकरा म्हणजे अकरा. ताईचं घड्याळ तिच्या आवाजासारखंच, जरा मोठं आणि वेळेवर.

"मोजलीस का भिंत?"

"मोजली. चार फूट दोन इंच."

"अगं, कपाट बरोब्बर चार फूट! दोन इंचांच्या फटीत झाडू ठेवू. मापाने केल्यासारखं झालं बघ. मी इकडे भांडी बांधायला घेतलीसुद्धा. तुझ्याकडे मोठं पातेलं आहे ना? मग माझं नाही आणत. दोन-दोन कशाला."

"ताई."

"हां."

"तुझं तोंड ओढतंय का गं आत्ता?"

"माझं ना? माझं कायमच ओढतं. आता तो मेला डबाही मिळेना, तुला मिळाला का कुठे? मी इथली चार दुकानं पालथी घातली. तेल लावून बसलेय, एखादं लोणचं मुरायला ठेवावं तशी. का? तुझं नाही ओढत?"

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द इतक्या वेळा उच्चारलेला होता की तोंडात त्याची जागा झाली होती. तो आपोआप जिभेवर आलासुद्धा, पिनेच्या टोकावर आला होता तेवढाच. "माझं पण" — शाळा निवडताना, वेणी कापताना, आईला कुणी सांभाळायचं यावर भावोजी बोलत होते तेव्हा, दर वेळी. आणि ताई दर वेळी खूश झालेली. तिला दोष कसा द्यायचा? हे वाक्य तिचं नव्हतंच. मीच ते तिला आणून दिलं होतं, तिच्या गालांतून रक्त येत असताना, आणि तिने ते जपून ठेवलं होतं.

"अजून दहा मिनिटं व्हायचीयत," ती म्हणाली.

"कशाला दहा मिनिटं? गॅसवर काही आहे?"

"तोंड धुतलंय."

"अगं, मग पूस की!"

"पुसलंय. पण थांबायचं असतं. मी करते तुला फोन."

"टेम्पोवाला साडेअकरापर्यंतच वाट बघणार म्हणालाय."

"त्याच्या आत करते."

ताई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "छोटे, बरी आहेस ना?"

"बरी आहे. अगदी बरी आहे."

"नाही, म्हटलं... एकटीच तोंड धुऊन बसलीयेस."

"तू तरी काय? एकटीच तेल लावून बसलीयेस."

मग दोघी हसल्या, चांगल्या हसल्या, ताईला ठसका लागला. हसणं ओसरलं आणि पलीकडची ती शांतता आली, परवाचीच. पण आज फोन ठेवण्याआधी तिला इकडचीही ऐकू आली, खिडकीतल्या उजेडातली, टेबलामागच्या फिक्या चौकोनातली. तिने दोन्ही जणू बोटांत धरून बघितल्या. एका जातीच्या नव्हत्या.

फोन ठेवला तेव्हा अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

पट्ट्या टेबलावर तशाच होत्या, कोरी बाजू वर. सात मिनिटांनी त्यांच्यावर काय उमटेल ते तिला साधारण कळलं होतं. कपाळ सांगत होतं, नाक सांगत होतं, गालांचा मात्र भरवसा नव्हता, ते कदाचित ताईच्या बाजूने बोलतील. ते आता तितकंसं महत्त्वाचंही राहिलं नव्हतं. साडेअकराच्या आत काय सांगायचं ते मात्र अजून कळलं नव्हतं. नाही म्हटलं तर ती आठ वर्षांची मुलगी पुन्हा एकटीच रडत बसणार, आणि या वेळी तिचं तोंड हातांत धरायला आई नाही. हो म्हटलं तर... हो म्हटलं तर कोण म्हणेल? सहा वर्षांचीच म्हणेल. आणि तिला तर काही झालेलंच नव्हतं. तिला फक्त ते दोन हात हवे होते. सारख्या असलेल्या दोघींनी एका खोलीत राहणं तिला पाठ होतं. सारख्या नसलेल्या दोघींचं कसं असतं — एकीचा डबा वेगळा, दुसरीचा खण वेगळा, दोन पातेली — हे कधी कुणी करून बघितलेलंच नव्हतं, त्यामुळे ते वाईट असेल असंही म्हणता येत नव्हतं.

समोरच्या गॅलरीत कुणीतरी बादली सुलटी केली आणि आत गेलं.

"ओढत नाहीये," ती म्हणाली. मोठ्याने, खोलीला. शब्द जरा जाड निघाले, पहिल्यांदाच घातलेल्या चपलेसारखे. मग तिने ते पुन्हा म्हटले, हळू, जवळ उभ्या असलेल्या कुणाला सांगावं तसे, जिला ते तेव्हाच माहीत होतं आणि जिने तरी "ये" म्हटलं होतं. "माझं ओढत नाहीये गं."

अजून पाच मिनिटं होती. हात मांडीवर होते. ते कितीतरी वेळ वर गेले नव्हते, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्यांची आठवण झाली म्हणूनही ते गेले नाहीत.